तीन राण्या

चांगला? तुझे वडील? छे गं पोरी, पोकरमध्ये तोइवोइतका कच्चा माणूस या अख्ख्या ब्यूट गावात नव्हता. — रागावू नकोस, लाडानं बोलतोय. मीच शिकवलं ना त्याला. खाणीतली पाळी संपली की कपडे बदलायच्या खोलीत बसायचो, बाकावर, जेवणाचा डबा उपडा घालून त्यावर पत्ते. पैसे नाहीत, नुसत्या काड्यापेटीतल्या काड्या. नवखा माणूस काय करतो? — आलेला प्रत्येक डाव खेळतो. पाच पानं हातात पडली की त्याला वाटतं, सोडली तर पानांचा अपमान होईल. मी म्हणायचो, 'तोइवो, दहातले सात डाव टाकून द्यायचे आणि गप्प बसून बाकीच्यांची तोंडं बघायची.' तो मान हलवायचा, आणि लगेच दुर्रीच्या जोडीवर दहा काड्या लावायचा! हरला की चिडून वीस. आणि पान चांगलं आलं की कान लाल — फिनलंडचा गोरापान माणूस, असे पेटायचे कान की दारातून दिसावेत. — कॉफी घे ना, निवतेय.

पण सगळ्यात मोठी चूक कुठली सांगू? समोरच्यालाच विचारायचा. 'कॉन, काय करू?' — अरे बाबा, मी तुझ्याविरुद्ध खेळतोय! सगळे पोट धरून हसायचे. पण मी खरं सांगायचो हं त्याला. शिकवत होतो ना. नेहमी खरंच सांगायचो. — म्हणजे, बहुतेक वेळा.

तो नाताळ? ते मी तुझ्या आईला तेव्हाच सांगितलंय की. एकतीस साल. नाताळच्या दिवशी खाली लाकडी टेकू बदलायला एक माणूस हवा होता. मुकादम म्हणाला, लेहेन नाहीतर राउतिओ — म्हणजे मी नाहीतर तुझे वडील — तुमचं तुम्ही ठरवा. तोइवो म्हणाला, मी जातो. स्वतःहून. असा माणूस होता तो. — हो, पत्त्यांवर ठरवलं, तेही खरंच... कुणी सांगितलं तुला? बरं. एकच डाव. हरेल तो नाताळला खाली जाईल, सरळ हिशेब. पानं बदलून झाली आणि मी बोली वाढवली — म्हटलं, वर नववर्षाची पाळीपण लावतो. आत्ता पानं टाकलीस तर तुला नुसता नाताळ. मला पानं दाखवायला लावलीस आणि हरलास, तर दोन्ही दिवस तुझे. बसला विचार करत. कान लालभडक. तीन राण्या हातात, आणि हा आपला बसलाय —

काय? — हो, पानं पालथीच टाकली त्यानं. मग मला कसं... हे बघ, तो पानं वर्तमानपत्रासारखी धरायचा, उघडी, मांडीवर. शंभरदा सांगितलं होतं, छातीशी धर म्हणून. त्या दिवशी नाही सांगितलं. बदामाची, इस्पिकची, किलवरची. आणि माझ्याकडे? साधी जोडीसुद्धा नव्हती. थाप मारत होतो.

आणि त्यानं विचारलंच. 'कॉन, काय करू?' मी म्हटलं — मी म्हटलं, 'टाक. आयली तान्ही आहे, नववर्षाला तरी घरी राहा.' तुझं नाव घेतलं मी, पोरी. त्यानं पानं टाकली आणि माझा हात घट्ट दाबला. आभार मानले गं माझे! मला सुट्टी कशाला हवी होती, ते विचार. विचार ना. खानावळीत बदक भाजणार होते. बस. बदक, आणि सकाळी उशिरापर्यंत लोळायचं. दुपारी खाणीचा भोंगा अवेळी वाजला, छत त्याच्यावर आलं होतं, तेव्हा माझ्या तोंडात घास होता. मी तो — मी तो गिळला.

पंचवीस वर्षं पत्त्यांना शिवलो नाही. त्यानं काय होतंय? दाढी करताना, जिन्यात दम लागून थांबलो की, अगदी शेजारी बसल्यासारखा, त्याच्या त्या मोडक्या बोलीत — 'काय करू?' रागावलेला नसतो. रागावला असता तर बरं झालं असतं. आणि मी दर वेळी सांगतो, अरे दाखव, दाखव पानं, तुझीच भारी आहेत! तो ऐकतच नाही. पुन्हा विचारतो.

आईला नको सांगूस. — नाही, सांग. सांग तिला... कोट का घेतलास? आयली, शिव्या तरी दे.

बरं. जिन्यात उजेड नाही, कठड्याला धरून उतर. जा.