दहा मजल्यांवरून पडलेला हिरो

त्या दिवशी ऊन असं होतं गा, की डांबर चपलेले चिकटे. एसीत बसू म्हणून शेजारचे गुलाबराव मले सिनेमाले घेऊन गेले. हिरो दहा मजल्यांवरून पडला अन् कपडे झटकून उभा राहिला.

मी म्हटलं, "मघाशी तर साध्या चाकूनं याचं रक्त निघालं. आता काहून काहीच झालं नाही?"

मागून कोणी ओरडलं, "काका, चूप बसा ना!"

मले माझा जुना मालक आठवला. लकडगंजात हमाली करताना मी ट्रकवरून पडलो अन् कंबर गेली, तेव्हा मालक म्हणाला होता, "एवढ्याशावरून कंबर मोडते का? नाटक करून राहिला." कामावरून काढलंच.

गुलाबरावले हे सारं ठाऊक होतं. ते हळूच म्हणाले, "याचं उठणं साऱ्यायले पटते गा, तुझं पडणं कोणाले पटलं नाही."