साडेबारा वर्षं खाली उभी

रोलर कोस्टरच्या रांगेत माझ्यापुढे ऐंशीला टेकलेलं एक जोडपं होतं. त्याच्या हातात आंधळ्याची पांढरी काठी, तिच्या खांद्यावर डब्याची पिशवी.

"विब्रेन, पायरी आहे."

"पाठ आहे मला. दर वर्षी येतोय. तूच पहिल्यांदा चढतेयस."

"मग खाली पिशवी कुणी धरायची? साडेबारा वर्षं तेच केलं मी."

"साडेबारा! आपल्याकडचा तांब्याचा लग्नदिवस, हिल्के. चांदीच्या, म्हणजे पंचवीस वर्षांच्या, बरोबर निम्मा."

"चांदीच्या वेळी तू ब्याण्णवचा असशील."

"म्हणून तर निम्माच जोरात करायचा. ती ज्येष्ठमधाची खारट गोळी दे एक."

"वरून खाली येताना घशात अडकेल. गप उभा राहा."

"तुला झेपायचं नाही. जा, बाकावर बस. मी जातो एकटा."

"गेल्या वर्षी गेलास की एकटा. आठ दिवस मान धरली होती."

"उतार कधी आला ते कळलंच नाही गं. दिसत नाही म्हटल्यावर चालायचंच."

"नाही चालायचं."

"अगं, तू स्टुलावर चढलीस तरी डोळे मिटतेस!"

"ते घरी."

काठी आणि पिशवी फळीवर राहिली. मी त्यांच्या मागच्याच डब्यात बसलो. दांडा खाली आला, गाडी हलली.

"हिल्के, भीती वाटली तर खुशाल मिट डोळे. मी कुणाला सांगणार नाही."

"बोलू नकोस, ऐक. चढ संपत आलाय. खाली तळं आहे, दोन बदकं आहेत. आता डावीकडे वळतोय. मान सरळ ठेव, विब्रेन. अजून नाही... अजून नाही... आता!"