बाईचं नाव आणि शेटची सुई

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. एक साधा प्रश्न विचारतो. ज्याच्याकडून घेतलं, त्याचं नाव घ्यावं की न घ्यावं? — 'घ्यावं' म्हणालात! पहिली रांग तर फारच जोरात म्हणाली. बरं! पण ते नाव घेतल्यानं आपलंच नुकसान होणार असेल तर? — आता कसे एकमेकांकडे बघायला लागलात!

तर ऐका. पहिल्या महायुद्धाच्याही आधीची गोष्ट. गाव बार्शी. पेठेत सावळारामशेट कोळपकरांचं तांब्यापितळेचं दुकान. कासाराचं पोर, हात भांड्यात, पण कान गाण्यात! मुंबईच्या एका कंपनीनं फोनो विकायला गावोगावचे दुकानदार नेमले. फोनो म्हणजे काय? चावी दिली की तबकडी फिरते, तिच्यावर सुई टेकवली की यंत्र गातं, पुढं हा एवढा कर्णा! आमच्या शेटनं हट्टानं ती एजन्सी घेतली. हंडे-कळश्यांच्या मधोमध फोनो बसला, दारावर कंपनीची पाटी लागली. शेट सकाळी आधी देवाला उदबत्ती ओवाळणार, मग पाटीला! बायको म्हणायची, "अहो, वाटेत मी पण उभी आहे!"

दिवसभर फोनो गायचा आणि गर्दी तर विचारू नका! पण विकत घ्यायला? कोणी पुढं येईना. का? अहो, त्या काळी घरंदाज बाया तबकडीसाठी गात नसत. गायच्या त्या बैठकीच्या बाया, गाण्यावर पोट असलेल्या. आणि रिवाज असा, की गाणं संपलं की गाणारीनं शेवटी आपलं नाव सांगायचं! नाव ऐकलं, की गिऱ्हाईक जोडे शोधायला लागलंच. "पद गोड आहे हो शेट, पण ही बाई आमच्या घरात?" — गाणं चालतं, गाणारी चालत नाही! वा रे पठ्ठे!

मग आले कंपनीचे फिरते साहेब, बेहरामजी. पारशी माणूस, पोटानं मोठा, मनानंही मोठा. सगळं ऐकून म्हणाले, "अरे शेट, तुमी लई भोळा हाय! गाना संपला के लगेच सुई उचलायचा. नाव भायेर येलाच नाय पायजे!" आणि टांग्यात बसता बसता म्हणाले, "दिवाळीपर्यंत एक तरी मशीन खपव बाबा. नाय तर कंपनी पाटी काढून समोरच्या घड्याळवाल्याला देल. मी काय करू?"

पाटी जाणार! त्या दिवसापासून शेट सुई उचलायला शिकले. मोठं कसब हो ते! थोडी आधी उचलली तर तान तुटते, थोडी उशिरा उचलली तर नाव निसटतं.

पण मंडळी, माणूस मोठा मजेदार प्राणी आहे! दुकानात कोणी नसलं की हेच शेट तीच तबकडी लावायचे आणि थेट शेवटपर्यंत ऐकायचे. त्यांना जिवापाड आवडायचं ते नावच! गाऊन गाऊन बाईला धाप लागलेली, आणि त्या धापेत ती हसून म्हणायची, "मी चंपा कडेगावकर!" शेट एकटेच मान डोलवायचे. म्हणायचे, "ऐकलं बाई, ऐकलं!"

दिवाळी तोंडावर आली. धान्याचे अडते विरुपाक्षशेट यांचा निरोप आला — आईला ती गाणारी पेटी ऐकवायची आहे, घेऊन या! अहो, पेठेतलं पहिलं घर! तिथं पेटी गेली की बाकीचे रांगेत उभे. बेहरामजी नेमके गावात होते, तेही निघाले. ओसरीवर फोनो मांडला. आतून गौराक्का आल्या, विरुपाक्षशेटांच्या आई. जोंधळ्याची रास नुसत्या मुठीत धरून पारखणारी बाई! पाटावर बसल्या.

चावी दिली. पद सुरू झालं. पार्वती महादेवाला विनवतेय — आणि काय तो आवाज! अक्कांचे डोळे मिटले. विरुपाक्षशेट हळूच म्हणाले, "पसंत आहे हो!" पद संपलं आणि शेटनं सफाईनं सुई उचलली!

अक्कांनी डोळे उघडले. "सावळाराम, ती काहीतरी बोलायला लागली होती. तुम्ही तिचं तोंड दाबलंत."

आता आली का पंचाईत! अक्कांच्या पाठीमागून बेहरामजी हातवारे करताहेत — तबकडीची खरखर आहे म्हणून सांग, खरखर! समोर विरुपाक्षशेट पैसे आणायला उठलेले. नुसतं 'खरखर आहे' एवढं म्हणायचं, की पाटी वाचली! तुम्ही काय म्हणाला असता? — हं, हसू नका, मनात उत्तर द्या!

शेटनं तोंड उघडलं. पण कानात ती धाप होती, ते हसू होतं. म्हणाले, "अक्का, नाव सांगते ती आपलं. गाणारी बाई आहे ना, लोकांना खपत नाही. म्हणून मीच सुई उचलतो. पण तिचं नावच मला सगळ्यात गोड वाटतं. आज खोटं नाही बोलवत."

बेहरामजींनी कपाळावर हात मारला. विरुपाक्षशेट कडाडले, "बैठकीच्या बाईचं नाव आमच्या ओसरीवर? पेटी उचला!"

"ए विरुपाक्षा, बस खाली!" अक्का म्हणाल्या. "सावळाराम, लावा. पुरतं लावा."

पुन्हा पद झालं. सुई पुढं सरकली. धाप आली, हसू आलं — "मी चंपा कडेगावकर!"

अक्कांनी कर्ण्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "किती दमलीय पोरगी! अन् तुम्ही तिला स्वतःचं नावसुद्धा सांगू देत नाही? माझी आई जात्यावर ओव्या रचायची. आज साऱ्या पेठेतल्या बाया त्या म्हणतात. कुणाच्या म्हणून विचारा — 'जुन्या आहेत' म्हणतात. आईचं नाव तिच्या पिठाबरोबरच उडून गेलं. मी मेले की जगात कुणालाच ठाऊक असणार नाही. विरुपाक्षा, तुला ठाऊक आहे का रे, तुझ्या आजीचं नाव?"

पेठेतला एवढा मोठा अडत्या! हजार कुळांची नावं तोंडपाठ! मान खाली घातली त्यानं.

"नीलव्वा," अक्का म्हणाल्या. "नीलव्वा होतं तिचं नाव. — पेटी इथंच राहील. आणि या घरात सुई मधेच उचलायची नाही."

विरुपाक्षशेट मुकाट्यानं आत गेले आणि पैसे घेऊन आले. शेटची पाटी राहिली मंडळी! पण शेट रडत होते ते पाटीसाठी नव्हे. आणि बेहरामजी? ते डोळे पुसत म्हणाले, "शेट, तुमीच बराबर. मी गाढव!"

झालं आख्यान! — थांबा, टाळ उचलू नका. आपण अभंग म्हणतो, तेव्हा शेवटच्या चरणात संताचं नाव येतं. ते कधी गिळतो का? उलट दोनदा म्हणतो! मग ज्या बाईनं तुमच्या घराण्याला पहिली भाकरी थापून वाढली, तिचं? सांगा बरं — तुमच्या आजीच्या आईचं नाव काय? तुम्ही, फेटेवाले? तुम्ही, काका? ताई, तुम्ही?

बघा. एवढा मोठा मंडप भरलाय, आणि एक ओठ हलत नाही.

घरी जा. कोणी म्हातारं माणूस अजून आहे, तोवर त्याच्यापाशी बसा आणि ते नाव विचारून घ्या. उद्या या मंडपात येताना ते ओठावर घेऊन या. आधी ते मोठ्यानं म्हणू. मग देवाचं घेऊ.