दंडावरचा तावीज

चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात दुबईच्या खाडीकाठच्या दवाखान्यात जुलेखा बाकावर बसली होती. पोटात गाठ निघालेला तिचा नवरा इद्रीस डॉक्टरांकडे आत गेला होता. शेजारी रत्नागिरीकडच्या दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"जैनबआपा, तुमच्या घरवाल्यांची गाठ मोठी होती?"

"छे गं, सुपारीएवढी. डॉक्टर म्हणाला, कापली की खलास."

"मग?"

"दंडावरचा तावीज कोपरापाशी उतरला. मी पुन्हा आवळून बांधला. चार दिवसांत परत खाली."

"दोरा सैल झाला असेल."

"मीही तेच म्हणत राहिले. दोरा नव्हे गं, दंड सुकत होता. ताटातलं कालवण तसंच राहायचं, आणि संध्याकाळी अंग तव्यासारखं तापायचं. आतून दुसरंच कुणीतरी जेवत होतं."

"या अल्ला!"

"आणि आम्ही सगळे त्या गाठीकडे बघत बसलो."

दार उघडलं. इद्रीस हसत बाहेर आला.

"गाठ बारीक आहे म्हणतात. इन्शाल्ला, ऑपरेशननं जाईल. यल्ला, घरी चल."

जुलेखाने त्याचा हात धरला. तळवा कढत होता.

"आणि हे बघ," बाही वर सारत तो म्हणाला, "तावीज जरा घट्ट बांध ना. आज पुन्हा खाली आलाय."