मुशीचा तुकडा

"कुणाचा इस्वास बसणार न्हाय तेजू, पण फ्रिजमधला तुझा मुशीचा तुकडा बोक्यानं पळवला!"

केएमटी बसच्या रांगेत अरुणाबाईंनी कान टवकारले. पुढं हंबीरराव आणि त्यांची विद्यापीठात शिकणारी नात तेजस्वी.

"आबा, खोल समुद्रातली मुशी ती, शार्क! दात तपासले, अंगावरचे पर मोजले, तरी जात ठरंना. त्या तुकड्याच्या डीएनएवरच सगळं ठरणार होतं!"

"बोका वाघाएवढा. पंजानं दार उघडलं, दातानं डब्याचं झाकण काढलं. मी काठी घेऊन रंकाळ्यापातूर पळालो की!"

"दुसरा नमुना कुठनं आणू मी? सर वाट बघत बसलेत. काय तोंड दाखवू?"

"बाजारातनं दुसरा मासा आणू की."

"असला मिळतोय व्हय बाजारात? अंगात एक हाड नाही त्याच्या. सगळा सांगाडा आपल्या कानासारखा मऊ, वाकणारा!"

"रडू नगंस. त्या मेल्यानं समदं मटकावलं, नुसते काटे टाकले फरशीवर. मीच झाडून काढले."

अरुणाबाईंना राहवलं नाही.

"पावणं, हाडच न्हाय त्या माशाला, तर काटे कुठनं आले? रस्सा कसा झालता, तेवढं सांगा की पोरीला!"