अंतिम संस्काराची सूट

कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची कारकुनी सवय किती वाईट, ते ऐका. गेल्या हिवाळ्यात हवा बिघडली म्हणून आमच्या बूढ़ापारा मोहल्ल्यात घरोघरी लाकूड जाळायला बंदी आली. माझी आत्या पंच्याऐंशीची. तिचे गुडघे गोरसीच्या, म्हणजे मातीच्या शेगडीच्या शेकावरच चालतात. एका सकाळी नगर निगमचा, म्हणजे पालिकेचा, माणूस नोटीस घेऊन दारात उभा.

"अम्माजी, बुझाना पड़ेगा."

"काहून? बाळ्या, वाच बरं तो कागद."

मी वाचला. लाकूड नाही, कोळसा नाही, गोवऱ्या नाहीत. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी खालची ओळही वाचली: "अंतिम संस्कार को छूट रहेगी."

आत्याने गोरसीवर हात शेकले. मग म्हणाली, "म्हणजे लाकडं भेटतीन मले. थोडं थांबा लागन."

"अम्माजी, ऐसा मत बोलिए."

"मी कुठं बोलून राहिली? तुयाच कागद बोलून राहिला."

त्याने मान खाली घातली आणि गोरसीत पाणी ओतलं. आत्याने पाय पदराखाली ओढून घेतले.

"बाळ्या, याले चहा दे," ती म्हणाली. "आता घरात गरम तेवढंच भेटन."