दिवेलागणीनंतरचं मीठ

हॅलो?… हॅलो… हाव, नांदुरा, जिनिंगचं हापिस… मीच बोलून राह्यलो, हिंमतराव… कोन, मनकर्णाबाई? अवं बाई, एवढी ओरडू नको. मलकापूर काही लांब नाई, तारेशिवायबी ऐकू येते.

हाव, भेटला ना तुहा बरफ. गार्डाच्या डब्यातून पोतं मीच उतरवलं. असा बरफ, का वहाबच्या टांग्यात ठेवला तं त्याच्या घोड्याले शिंका सुटल्या… खोटं कायले बोलू?… बरं, एकच शिंक. पन भर मे महिन्यात.

जवाई? त्याच गाडीनं उतरले. पुढच्या डब्यातून इंद्रभान, मागच्या डब्यातून बरफ… नाई, बाई. कुल्फी नाई झाली.

अवं ऐक तं खरं… चांगुणानं काही कमी नाई केलं. तिची सासू म्हनते ना, पोरीच्या हाताले चव नाई, म्हनून तं संक्रांतीपासून माहेरी बसवली. आज नवरा येनार, म्हनून तिनं सकाळपासून आईलेबी चुलीजवळ येऊ देल्लं नाई. दूध आटवलं, साय घोटली, आंब्याचा रस कालवला. टिनाचे साचे भरून झाकनाले कनिक लावली. वास असा सुटला, का गल्लीतला कुत्रा हाडूक टाकून आमच्या ओट्यावर येऊन बसला…

मीठ? तेच तं. बरफात मीठ पडल्याबिगर कुल्फी गोठत नाई, हे पोरीले ठाऊक होतं. पन परवाच अन्नपूर्णानं लोनचं घातलं, घरातलं सारं खडेमीठ बरनीत गेलं. गोड करायच्या दिवशी मिठाचं मडकं कोन पाहाते?

हाव, गेली ना मीठ मांगाले तुही भावजय. पन गाडी उशिरा आली, बरफ घरी येईलोक दिवे लागले. दिवेलागनीनंतर घरातलं मीठ कोन बाहेर देते, सांग. लक्ष्मी जाते ना. शेजारच्या गोजरबाईनं दारच लावून घेतलं. दुकानदार मिठाच्या पोत्यावर मांडी घालून बसला… म्हने साखर ने, गूळ ने, मीठ सकाळी. त्याले तरी काय बोलावं? अन्नपूर्णानं जलमात कोनाले सांजच्याले चिमूटभर देल्लं नाई.

वहाबकडं? सुचलं ना… उशिरा सुचलं. त्यायच्यात असं काही नाई, त्याच्या बायकोनं, बिलकिसनं, परात भरून देल्ली. मी परात घेऊन धावत आलो, तं साच्याच्या माठात बरफाचं पानी अन् पोत्यात नुसता भुसा.

मंग काय… साचे उघडले. दूधच. चांगुणानं वाटीत ओतून देल्लं. इंद्रभान प्यायले, वाटी खाली ठेवली, म्हनले, "आईनं सांगतलंच होतं." बस, एवढंच. पिशवी उचलली अन् परतीच्या गाडीले निघाले.

हाव, गेलो ना मांगं. टेशनावरूनच येऊन राह्यलो. पागोटं काढून हातात घेतलं, बाई. लोकं पाहून राह्यले होते, पाहू देल्लं… गाडी येईल आता तुह्या गावाले. पन तू फलाटावर नको जाऊ. खिडकी नाई उघडनार ते.

उद्या? उद्या आनखीन बरफ कायले पाठवतं?… कोनासाठी?

काय म्हनली? मांगं वळून?… हाव, पाह्यलं ना. गाडी सुटताना दारात उभे होते. रुमाल काढला, डोये पुसले, अन् मले म्हनले… बाई?… नाई. नाई पाह्यलं. बिडी पेटवत होते.

थांब… हळू बोल. चांगुणा आली. दारात उभी हाये, अनवानी… नाई, रडून नाई राह्यली. तिले काय सांगू, तूच सांग… हॅलो?… बाई?… हॅलो…

तुटला.

ये चांगुणा, बस… आत्याचा होता. …हाव, गेली गाडी. …पाह्यलं ना. दोनदा वळून पाह्यलं त्यायनं.